जनुक दिसत नाही, मग त्याचा पत्ता कसा लागतो?

तुमचा प्रश्न असा, की सूक्ष्मदर्शकातून जनुक दिसत नाही, तरी ‘ते चौथ्या गुणसूत्राच्या टोकाला आहे’ असं शास्त्रज्ञ छातीठोकपणे कसं सांगतात? मी काही वर्षं कॅरिओटायपिंगच्या, म्हणजे गुणसूत्रं मोजून-मांडून तपासण्याच्या, लॅबमध्ये काढली आहेत. तिथे नुसती गुणसूत्रं दिसतात, जनुक नाही. पत्ता लागतो तो कोण कोणाच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या चालतंय, यावरून.

यातली माझी आवडती गोष्ट रॉजर डोनाह्यूची. हा अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधला विद्यार्थी. स्वतःच्याच गुणसूत्रांची स्लाइड बघताना त्याला दिसलं, की पहिल्या जोडीतलं एक गुणसूत्र मध्याजवळ सैल पडलंय, उसवलेल्या विणीसारखं, म्हणून जास्त लांब दिसतंय. मी असते तर स्लाइड बिघडली म्हणून सोडून दिलं असतं. त्याने नातेवाइकांचं रक्त गोळा केलं. ते लांबट गुणसूत्र काहींकडे होतं, काहींकडे नव्हतं. आणि डफी नावाचा रक्तगट नेमका त्याच्या मागोमाग चालला होता. १९६८ साली जाहीर झालं: डफीचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर. लिंगगुणसूत्रं वगळता माणसाच्या जनुकाला मिळालेला हा पहिला पत्ता.

असं उसवलेलं गुणसूत्र दर वेळी कुठून मिळणार? मग दुसरी युक्ती. माणसाची आणि उंदराची पेशी जोडली, की ती संकरित पेशी वाढताना माणसाची गुणसूत्रं हळूहळू गमावते. कुठल्या पेशींत कोणती उरली त्याचा तक्ता मांडायचा. समजा, चौथं गुणसूत्र असेल तिथे मार्कर, म्हणजे डीएनएवरची ओळखता येणारी खूण, हजर, नसेल तिथे गैरहजर, की झालं. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचा जी८ हा मार्कर असाच चौथ्यावर नेमला गेला. तो रोगाच्या सोबतीने चालतो, हे मात्र घराण्यांतूनच कळलं. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठचं एक प्रचंड मोठं कुटुंब त्यात होतं.

अंतर कसं मोजतात? अंडपेशी किंवा शुक्राणू बनताना जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात. दोन खुणा जितक्या जवळ, तितकी त्यांची ताटातूट कमी. शंभरात एकदा झाली, तर एक सेंटिमॉर्गन, म्हणजे ढोबळमानाने डीएनएची दहा लाख अक्षरं. जी८ आणि रोगाचं जनुक यांच्यात अशी काही दशलक्ष अक्षरं होती. मार्कर १९८३ला मिळाला. जनुक हाती लागायला १९९३ उजाडलं.