साडेसहापर्यंत चहा नाही

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला रिपोर्टाचा फोटो आडवा आला होता. वर तुझ्या अंगठ्याची सावली. मान वाकडी करून करून वाचला आणि मग मलाच हसू आलं, मानेच्या रिपोर्टासाठी माझीच मान आखडली. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हो बाई, हो बाई" करतेस. वर्गातही तेच करायचीस आणि गणित चुकवायचीस. म्हणून लिहिते.

आधी ते 'बेथेस्डा चार'. हे कुणा डॉक्टरचं नाव नाही. अमेरिकेतल्या एका गावाचं आहे. २००७ साली तिथे डॉक्टर लोक जमले आणि थायरॉईडच्या, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीच्या, गाठीतून सुईने काढलेल्या पेशींचे एक ते सहा गट ठरवले. दोन म्हणजे साधी गाठ, सहा म्हणजे कॅन्सर. तुझा चार मधला. तू विचारतेस, "सुई टोचली तरी डॉक्टरांना नक्की का सांगता येत नाही?" संत्र्याचं घे. सुईने रस काढून चाखला तर आंबट की गोड ते कळेल. पण साल कुठे फुटली आहे का हे कळायला अख्खं संत्रं हातात घेऊन फिरवून पाहावं लागतं. चार नंबरच्या गाठीचा सगळा प्रश्न सालीचा असतो. पेशी आवरण फोडून बाहेर गेल्या आहेत की नाहीत, हे गाठ काढून, तिचे काप करून, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. म्हणून थायरॉईडचा एकच भाग, उजवा, काढायचा म्हणतात. डॉक्टर काही लपवत नाहीत. त्यांना खरंच अजून माहीत नाही. चार नंबरच्या बऱ्याच गाठी शेवटी साध्याच निघतात, हेही ध्यानात ठेव.

माझं ऑपरेशन वेगळं होतं. २०१३च्या हिवाळ्यात, वेचणीच्या ऐन दिवसांत, माझी पूर्ण ग्रंथी काढली. दोन्ही बाजूंना गाठी होत्या आणि त्या श्वासनळी दाबत होत्या. त्यामुळे माझं जे झालं ते सगळं तुझं होईल असं धरू नकोस. कुणी "आमच्या जावेचं असं झालं होतं" म्हणून सुरू झालं, तर अर्धं की पूर्ण, एवढं आधी विचार.

तुझ्या आईचा फोन येऊन गेला. दिवाळीनंतर पाहुणे पाहायला येणार, गळ्यावर व्रण दिसेल, तर कापूस आटोपून उन्हाळ्यात करू, असं तिचं म्हणणं. तारीख पुढे ढकलता येते का हे फक्त सर्जनने सांगायचं, आईने नाही, मीही नाही. विचार त्यांना, स्पष्ट विचार. व्रणाचं म्हणशील तर तो गळ्याच्या घडीत आडवा घेतात, पहिले काही महिने लाल दिसतो, वर्षभरात फिका पडत जातो. त्याला ऊन लागू द्यायचं नाही, आणि आपल्याकडच्या पोरी तशाही उन्हात डोळे सोडून सगळं स्कार्फात गुंडाळूनच फिरतात. ज्या पाहुण्यांना चार बोटं व्रण खुपतो, त्यांना पुढे काय काय खुपेल कुणास ठाऊक! हे तुझ्या आईलाही मी असंच सांगितलं. तिला आवडलं नाही.

पण लपवणं वेगळं आणि गावभर न सांगणं वेगळं. मी पहिल्यांदा लपवलंच होतं. सोनोग्राफीला गेले तेव्हा शाळेत "दाताचं काम आहे" म्हणून सांगितलं. आठवडाभरात गावात निघालं की बाईंच्या घशात कॅन्सर आहे आणि मुंबईला नेणार आहेत. एका म्हातारीने तर दारात येऊन डोळ्याला पदर लावला. "माय, काहून नाही सांगितलं आमाले?" मी तेव्हा जिवंत, धडधाकट, हातात खडू.

मग मी तिघींना बोलावलं. गिरणीवाली, अंगणवाडीची ताई आणि शाळेतली माझी सहकारी. रिपोर्ट समोर ठेवला, आणि रडारड व्हायच्या आत कामं वाटली. गिरणीवालीने घरचं पाहायचं, दोन वेळचं जेवण आणि सासूबाईंची औषधं. सहकारीने माझा वर्ग सांभाळायचा. अंगणवाडीच्या ताईकडे फाईल. सगळे कागद तिच्याकडे, डॉक्टरांशी बोलताना ती सोबत, आणि ते जे सांगतील ते तिने लिहून घ्यायचं. तूही असंच कर. ज्यांना सांगशील त्यांच्या हातात काम दे. काम नसलेली काळजी पारावर जाऊन बसते. "काही लागलं तर सांग" म्हणणारीला तिथल्या तिथे सांगून टाकायचं, मंगळवारी माझ्या शेळ्या तू सोड. मला हे जड गेलं गं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सांभाळणाऱ्या बाईला स्वतःच्या घरचं भांडं दुसरीने घासलेलं पाहवत नव्हतं. गिरणीवालीने दोनदा खडसावलं तेव्हा गप्प बसले.

फाईल दुसरीच्या हातात द्यायचं कारण सांगते.

थायरॉईडच्या मागे चार बारक्या ग्रंथी असतात, तांदळाच्या नाहीतर मसुरीच्या दाण्याएवढ्या. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. पूर्ण ग्रंथी काढताना त्या दुखावतात, सुस्तावतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॅल्शियम खाली येऊ शकतं. मला तिसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी मिळाली. सांजच्याला घरी पडले होते, तर ओठांभोवती मुंग्या, बोटांची टोकं बधिर. मला वाटलं हात अंगाखाली आला असेल. गिरणीवाली डबा घेऊन आली, तिला सहज बोलले. ती ताईकडे बोलली. आणि ताई, जिला लसीकरणाची कार्डं शब्द न् शब्द वाचायची खोड आहे, ती सुट्टीचा कागद हातात धरूनच धावत आली. "तोंडाभोवती मुंग्या? बाई, उठा. आत्ताच निघायचं." आमचे हे "सकाळी पाहू" म्हणत होते. तिने ऐकलं नाही. दुधाची गाडी उभी होती, तिच्यातूनच वर्ध्याला नेलं. रात्रभर शिरेतून कॅल्शियम चढवलं. वेळेत आलात, म्हणाले डॉक्टर, नाहीतर हातपाय वाकडे होऊन झटके आले असते. कागद माझ्या उशाखाली असता तर मी तो वाचलाच नसता.

तुझी अर्धी ग्रंथी राहणार, त्या बाजूच्या दोन बारक्याही राहणार. म्हणून हा धोका तुला फार कमी. तरी ओळखून असावं.

तुझ्यासोबत रात्री जी थांबेल तिला मात्र दुसरी एक गोष्ट पाठ करून ठेव. ऑपरेशननंतर पहिल्या दिवस-रात्रीत गळा एकाएकी फुगला, पट्टी घट्ट वाटायला लागली, श्वास घ्यायला त्रास झाला, तर क्षणभर न थांबता सिस्टरला हाक मारायची. आत रक्त साचून श्वासनळी दाबली जाऊ शकते. हे क्वचित होतं, पण रात्रभर ठेवून घेतात ते त्यासाठीच. म्हणून सोबत अशी मैत्रीण ने की जिला सिस्टरला झोपेतून उठवायची लाज वाटणार नाही. तुझ्या त्या बँकेतल्या मैत्रिणीचा आवाज मी ऐकला आहे. ती चालेल.

आवाजाचं विचारलंस. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राकडे जाणारी नस असते, दोन्ही बाजूंना एकेक. सर्जन ती शोधून, जपून पुढे जातो. ऑपरेशनच्या आधी दुर्बिणीतून स्वरयंत्र तपासणार का, हे विचारून घे. नस दुखावली नाही, तरी भूल देताना घशात नळी घातल्याने घसा चार दिवस खरखरतोच. माझा आवाज मात्र अडीच-तीन महिने बसला होता. चौथीच्या साठ पोरांसमोर कुजबुजत शिकवता येतं का? सहकारीने मला पीटीची शिट्टी आणून दिली. एक शिट्टी म्हणजे वही काढा, दोन म्हणजे गप्प बसा. पोट्ट्यांना इतकी मजा आली की आवाज परतल्यावरही ते शिट्टीच मागायचे. बोलण्याचा आवाज पूर्ण आला. वरची पट्टी आली नाही. सामुदायिक प्रार्थनेनंतरच्या भजनात मी पूर्वी वर चढायची, आता खंजिरी धरते.

एक गंमत सांगते, मास्तरीण आहे म्हणून राहवत नाही. हे ऑपरेशन एकोणिसाव्या शतकात इतकं जीवघेणं होतं की चांगले सर्जन हात लावायला भ्यायचे. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखरने सावकाश, रक्तस्राव आवरत, स्वच्छता पाळत ते करून करून मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आणलं. पूर्ण ग्रंथी काढलेले आपले रोगी पुढे सुजतात, मंद होतात हेही त्यानेच १८८३ साली प्रामाणिकपणे मांडलं, आणि मग या ग्रंथीचं काम जगाला कळत गेलं. त्याला नोबेल मिळालं १९०९ साली. आपले तुकडोजी महाराज जन्मले तेही १९०९ सालीच. एकाने गळ्यात हात घातला, दुसऱ्याने गळ्यातून अख्खा विदर्भ जागवला. दोघांचा तसा काही संबंध नाही. पण मला हे जुळलेलं आवडतं.

पैशाचं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेट. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुझं ऑपरेशन बसतं का ते तो कागद पाहून सांगेल. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, कुठे करायचं ते तुम्ही ठरवा. पण सर्जनला एकदा सरळ विचार, थायरॉईडची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

नेताना समोरून बटणं असलेले कपडे ने, डोक्यातून घालायचे नकोत. जखमेपेक्षा मानेची मागची बाजू जास्त दुखते. ऑपरेशनला खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकलेली असते ना, म्हणून. पहिले दिवस मऊ भात, मुगाचं वरण. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत पाण्याचे गुंड उचलायचे नाहीत, कापसाची गाठोडी तर नाहीच. लोक सांगतील थायरॉईडला वाईट, कोबी बंद कर, सोयाबीन बंद कर. आपण सोयाबीन पेरतो आणि विकतो, खातो कुठे?

सगळ्यात वाईट दिवस ऑपरेशनचा नसतो. नंतर काढलेल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ते दिवस वाईट. गळा बरा होत असतो, भेटायला येणाऱ्या बाया कमी झालेल्या असतात, आणि डोकं एकटं चालतं. मैत्रिणींची खरी गरज तेव्हा असते, म्हणून सगळ्यांना पहिल्या चार दिवसांतच वापरून टाकू नकोस. एकीला राखून ठेव. रिपोर्ट आणायला एकटी जाऊ नकोस. साधी गाठ निघाली तर विषय संपला. कॅन्सर निघालाच, तर कदाचित उरलेला भागही काढतील, पुढे किरणोत्सारी आयोडीनही देतील. थायरॉईडचे नेहमीचे कॅन्सर वेळेत सापडले तर बहुतेक लोक त्यातून बरे होऊन म्हातारे होतात. तुझ्या आईला हे आत्ता सांगू नकोस, पण तुला माहीत असू दे.

सहा-आठ आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच तपासतील, थायरॉईड कमी पडली की ते वाढतं. अर्धी ग्रंथी पुष्कळांना पुरते, थायरॉईडची गोळी लागत नाही. लागलीच, तर माझी चूक तू करू नकोस. मी पहिले चार महिने गोळी चहासोबत घ्यायची, आणि त्यावर लगेच कॅल्शियम. टीएसएच काही केल्या उतरेना. डॉक्टर डोस वाढवत होते आणि मी निमूट चहा पीत होते. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, मग निदान अर्धा तास काही नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. आणि आपल्या उन्हाळ्यात बाटली टिनाखालच्या फळीवर ठेवायची नाही. माठाजवळही नको, ओल लागते. कपाटात ठेवायची.

बाकी तारीख ठरली की कळव. मी सहाला उठते, गोळी घेते. साडेसहापर्यंत चहा नाही. त्या अर्ध्या तासात मला काही काम नसतं. तेव्हा फोन कर.

तुझ्या,
बाई