शब्दचर्चा: गेम ‘विकत’ घेतला का ‘वापरायला’ घेतला?

प्रश्न असा आलाय. एका गेमच्या ऑनलाइन दुकानाचं ॲप मराठीत आणायचं काम चालू आहे, इंग्रजी बटणावर ‘बाय’ आहे, आधीच्या भाषांतरकारानं त्याचं ‘खरेदी करा’ केलं होतं, आताच्या ताईंना ‘विकत घ्या’ जास्त मराठी वाटतंय, पण क्लायंट म्हणतो खाली बारीक अक्षरात ‘हे फक्त लायसन्स आहे’ अशी ओळ येणार, मग वरती ‘विकत’ चालेल का? आणि लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ लिहायचं का ‘परवाना’? आणि जाता जाता, गेम ‘तो’ का ‘ती’?

ताई, शेवटचा प्रश्न शेवटी घेऊ कारण त्यावर भांडण नक्की आहे.

आधी ‘विकत’. हसत, पळत, रडत यातला जो ‘त’ आहे तोच ‘विकत’मध्ये आहे, धातू ‘विकणे’. म्हणजे ‘विकत घेतलं’ याचा सरळ अर्थ, समोरचा विकत होता आणि मी घेतलं. या शब्दात दुकानदार आधीपासूनच बसलेला आहे, नुसता घेणारा नाही. ‘खरेदी’ फारसीतून आलेला, त्याच्या पोटात ‘विकणे’ असं सरळ दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर तो जाहिरातीतला नाहीतर कागदपत्रातला शब्द, ‘दिवाळीची खरेदी’ ठीक आहे पण मंडईतून येऊन कुणी ‘मी मेथी खरेदी केली’ म्हणत नाही, मेथी घेतली म्हणतं. ‘घेणे’ मात्र अगदी मोघम. ‘कोथरूडला फ्लॅट घेतलाय’ असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘विकत का भाड्यानं?’

हाच प्रश्न पकडून ठेवा, सगळं त्यात आहे.

कारण दुसरीकडे आपण ‘विकतचं तूप’ म्हणतो, ‘विकतच्या चकल्या’ म्हणतो, तिथे भाड्याच्या चकल्या हा पर्यायच नसतो, तिथे ‘विकत’च्या समोर उभं असतं ‘घरचं’ किंवा ‘फुकट’. म्हणजे ‘विकत’ला दोन वेगवेगळे विरुद्धार्थी शब्द आहेत. एका अर्थी ‘विकत’ म्हणजे पैसे मोजून आणलेलं, दुसऱ्या अर्थी ‘विकत’ म्हणजे आता कायमचं माझं झालेलं. तूप-चकलीच्या बाबतीत दोन्ही एकदमच होतात म्हणून आपल्याला कधी फरक करायची वेळच आली नाही. गेमच्या दुकानांनी ती आणली. पैसे मोजून घेतलेला, या अर्थानं गेम शंभर टक्के विकतचा आहे. कायमचा माझा, या अर्थानं नाही. बटण पहिल्या अर्थानं लिहिलेलं असतं आणि आपण ते दुसऱ्या अर्थानं वाचतो, आणि आपण तसंच वाचावं अशी सोयही असते.

याचं गाजलेलं उदाहरण ‘द क्रू’. युबिसॉफ्ट या कंपनीचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, डिसेंबर २०१४ मध्ये आला, अमेरिकेचा छोटा केलेला अख्खा नकाशा आणि त्यावर गाडी हाणायची. एकट्यानं खेळायचा तरी कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं असावं लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, झालं, गेम मेला. ज्यांनी डबा घेतला होता, आत चकाचक डिस्क होती, त्यांचाही. नंतर तर लोकांच्या खात्यातून तो गेम काढून घ्यायला सुरुवात झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन खेळाडू कोर्टात गेले, तिथे कंपनीचं म्हणणं असं की तुम्हाला मर्यादित लायसन्स मिळालं होतं, मालकी नव्हे, आणि खेळाडूंनी पुढे केलं डब्यातल्या ॲक्टिव्हेशन कोडवरचं वर्ष: २०९९. आता कोडची मुदत २०९९ म्हणजे गेमची मुदत २०९९ नव्हे हा वकिली मुद्दा मला कळतो, पण दुकानात उभं राहून डबा उलटापालटा करून बघणाऱ्या पोराला तो कळावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

यावरूनच रॉस स्कॉट नावाच्या अमेरिकन यूट्यूबरनं २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम काढली आणि युरोपियन युनियनकडे दिलेल्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये १० लाखांच्या वर सह्या झाल्या. या नावाचं मराठी करायला कुणाला सांगितलं तर ‘खेळ मारणे थांबवा’ असं काहीतरी लाकडी येईल, पण मुंबईकराला ते फुकटात मिळालेलं आहे, कारण आपल्याकडे एखाद्याला संपवला की ‘त्याचा गेम केला’ म्हणतात. तर, गेमचा गेम केला. यापेक्षा चांगलं भाषांतर मला तरी सुचत नाही.

आता तुमच्या क्लायंटच्या बारीक अक्षरांकडे. ती ओळ हवेतून आलेली नाही. कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू, आणि गंमत म्हणजे तो जवळजवळ शब्दचर्चेचाच कायदा आहे. डिजिटल मालाच्या बाबतीत ‘बाय’, ‘परचेस’ किंवा ज्यावरून साध्या माणसाला वाटेल की वस्तू आता बिनशर्त आपली झाली असा कुठलाही शब्द दुकानानं वापरायचा नाही, वापरायचाच असेल तर एकतर गिऱ्हाइकाकडून कबूल करून घ्यायचं की मला लायसन्स मिळतंय हे मला समजलंय, नाहीतर तसं सोप्या भाषेत, ठळक लिहायचं. ‘ठळक’ हे महत्त्वाचं, बारीक अक्षर नव्हे. यातून सुटका कुणाला, तर जो माल एकदा उतरवून घेतला की दुकानाशी संबंध न ठेवता कायम वापरता येतो त्याला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानं ऑक्टोबर २०२४ मध्येच पैसे भरायच्या पानावर ओळ टाकली की या खरेदीनं तुम्हाला लायसन्स मिळतं. तेव्हा जीओजी या दुसऱ्या दुकानानं लगेच चिमटा काढला की आमच्याकडचा ऑफलाइन इन्स्टॉलर (म्हणजे इंटरनेटशिवाय गेम बसवायची फाइल) एकदा उतरवलात की तो तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. माझ्या मते आजच्या घडीला ‘विकत’ हा शब्द निर्धास्तपणे लावावा असं हेच एक मोठं दुकान आहे, बाकी ठिकाणी जीभ अडखळते.

आणि अडखळायचं कारण परत शब्दातच आहे. विकत घेतलेली वस्तू मलाही विकता आली पाहिजे ना! १९०८ ची अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातली केस आहे, एका प्रकाशकानं कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरच्या खाली विकाल तर याद राखा, मेसीज या दुकानानं ते ८९ सेंटला विकलं, कोर्ट म्हणालं एकदा तुम्ही प्रत विकलीत की पुढे ती कितीला जाते यावर तुमचा कॉपीराइट चालत नाही. अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा सगळा धंदा याच समजुतीवर उभा आहे, तिथल्या कुणी ती केस वाचली नसेल तरी. गेमच्या बाबतीत फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेनं हाच हट्ट धरला, पॅरिसच्या कोर्टानं २०१९ मध्ये मान्यही केलं की स्टीमवर घेतलेला गेम पुढे विकता यायला हवा, पण २०२२ मध्ये अपिलात ते फिरलं. म्हणजे विकत घेतलेला पण विकता न येणारा, असा प्रकार. देणंही नाही, कारण खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

आपल्या जुन्या कागदांशी हे ताडून बघा म्हणजे मजा येईल. वतनपत्रांत ‘लेकराचे लेकरी’ उपभोग घ्यावा असं लिहिलेलं असतं, म्हणजे तुझ्या पोरांच्या पोरांनी सुद्धा. साध्या शेताचं खरेदीखत काढलंत तर त्यावर ‘कायम खुष खरेदीखत’ असतं, ‘कायम’ वेगळं, ‘खुष’ वेगळं, ताबा दिला ते वेगळं, आता माझा वा माझ्या वारसांचा हक्क राहिला नाही हे वेगळं. एवढं सगळं लिहायचे कारण नुसत्या ‘दिलं-घेतलं’वर कुणाचा विश्वास नव्हता. आणि सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर जमीन कसा, पिकवा, पण परवानगीशिवाय विकायची नाही. गेम हा भोगवटादार वर्ग २ आहे, फरक इतकाच की इथे कलेक्टरही कंपनीच आणि तलाठीही कंपनीच.

लायसन्स शब्दाला मराठी शोधायची खटपट करताय त्याबद्दल. ‘अनुज्ञप्ती’ नको, हात जोडतो. तो आरटीओच्या फॉर्मवर शोभतो, बाकी कुणाला तो उच्चारताही येत नाही. ‘परवाना’ म्हटलं की बंदूक, दारू आणि रिक्षा डोळ्यांसमोर येते, म्हणजे सरकारनं दिलेली मुभा, गेमच्या कंपनीला सरकार कशाला बनवायचं. ‘लायसन्स’च ठेवा, कारण मुंबई-पुण्याच्या माणसाला तो शब्द नेमक्या याच अर्थानं पाठ आहे, ‘लिव्ह अँड लायसन्स’मुळे. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, भिंतीला खिळा मारायचा नाही. १८८२ च्या ईझमेंट्सच्या कायद्यात लायसन्सची जी व्याख्या आहे ती हीच, दुसऱ्याच्या मिळकतीत काहीतरी करायची मुभा, पण त्या मिळकतीत तुमचा हितसंबंध निर्माण होत नाही. राहा, पण घर तुमचं नाही. एका बाबतीत मात्र घरमालक बरे, करारावर शेवटची तारीख लिहितात. गेमवाले ती लिहित नाहीत, आणि पैसे एकदम पूर्ण घेतात, त्यामुळे ते भाडं वाटत नाही.

बोलताना आपण हा फरक नकळत करतोच, हे मला फार आवडतं. मराठीत ‘हॅव’सारखं एकच क्रियापद नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे शंभर रुपये आहेत, ही माझी सायकल. ‘माझ्याकडे सायकल आहे’ म्हटलं तर ती शेजाऱ्याची असू शकते, ‘माझी’ म्हटलं की विषय संपला. माझा भाचा आठवीत आहे, त्याच्या वाढदिवसाला मी त्याला एक गेम घेऊन दिला होता, पुढे कुठल्यातरी कारणानं त्याचं खातं लॉक झालं आणि सगळंच गेलं, सपोर्टकडून तीन दिवसांनी तेच तेच छापील उत्तर. तो मला म्हणाला, ‘मामा, माझा गेम गेला.’ मी शहाणपणा करून म्हटलं अरे तो तुझ्याकडे होता, तुझा नव्हता. तो म्हणाला, ‘मग तू दिलंस काय मला?’ गप्प बसलो.

आम्ही लहान असताना गेमला ‘कॅसेट’ म्हणायचो, ती पिवळी किंवा काळी जाड कॅसेट टीव्हीला जोडलेल्या डब्यात खुपसायची, चालली नाही की काढून फुंकायची. माझ्या कॅसेटच्या मागे बॉलपेननं नाव लिहिलं होतं कारण ती वाड्यात सगळ्यांकडे फिरायची, दोन महिने गायब व्हायची, एकदा तर तिच्या बदल्यात दुसरी कॅसेट परत आली, तिच्यावर दुसऱ्याचं नाव, तेही खोडलेलं. (त्यातल्या बऱ्याचशा कॅसेटी पायरेटेड होत्या हेही कबूल करतो, म्हणजे मालकी आमची पक्की आणि माल चोरीचा.) आता स्टीमवर त्या सगळ्याला ‘लायब्ररी’ म्हणतात. इंग्रजी कानाला घरातला पुस्तकसंग्रह ऐकू येत असेल, मराठी कानाला मात्र लायब्ररी म्हणजे पुस्तक घ्यायचं, वाचायचं आणि परत करायचं. नाव ठेवणाऱ्यानं चुकून खरं सांगितलंय. तुमच्या ॲपमध्ये त्याला ‘माझा संग्रह’ करायचा मोह होईल, करू नका, ‘लायब्ररी’ तसंच राहू द्या.

तर बटण. माझं मत असं की घेणाऱ्याच्या तोंडी ‘विकत घेतला’ अजिबात चूक नाही, त्यानं पैसे मोजलेत, फुकट आणलेला नाही, तो पहिल्या अर्थानं बोलतोय आणि खरं बोलतोय. उद्या कुणी भाषाशुद्धीच्या नावाखाली त्याला ‘विकत नाही, लायसन्स घेतलं म्हण’ असं शिकवायला लागलं तर त्याच्या हातातलं तक्रारीचं एकमेव हत्यारच काढून घेतल्यासारखं होईल. पण विकणाऱ्याच्या बटणावर तोच शब्द आला की तो दुसऱ्या अर्थाचं आश्वासन होतो. ‘खरेदी करा’नं फार फरक पडत नाही, खरेदीखताची आठवण येते तेवढीच. ‘मिळवा’ म्हणजे बक्षीस लागल्यासारखं. ‘घ्या’ एवढंच लिहिलंत तर खोटं नाही पण फ्लॅटवाला प्रश्न शिल्लक राहतो. मला विचाराल तर ‘वापरायला घ्या’. लांब आहे, बटणात बसत नसेल तर बटणावर ‘घ्या’ आणि लगेच वर, खाली नाही, ‘वापराचं लायसन्स, किंमत अमुक’. क्लायंट नाक मुरडणार, विक्री पडेल म्हणणार. तेव्हा त्यांना विचारा की ‘वापरायला’ म्हटल्यानं विक्री पडणार असेल तर आत्तापर्यंत ती कुठल्या शब्दावर चालली होती. नोकरीवर बेतणार असेल तर विचारू नका, विकतचं श्राद्ध घेऊन सव्यापसव्य कशाला.

आणि गेम तो का ती. माझ्या घरी ‘तो’, सासरच्या मंडळींत ‘ती गेम लाव’, बहुधा खेळीवरून किंवा कॅसेटवरून आलेलं स्त्रीलिंग. दोन्ही चालतं. ॲपमध्ये मात्र एकच धरा, पहिल्या पानावर ‘नवा गेम’ आणि शेवटच्या पानावर ‘तुमची गेम काढून टाकली आहे’ असं नको.