पन्नास हजार कसे मिळाले, ते आधी सांगा

नाशिकच्या एका लेबर काँट्रॅक्टरचं फेब्रुवारी २०२६ मधलं पत्र समोर आहे. इमारतीचं प्लास्टर आणि टाइल्सचं काम १० जून २०२२ ला संपलं. फायनल बिलातले ८ लाख ७० हजार अजून यायचे आहेत. २०२३ च्या दिवाळीत बिल्डरने पन्नास हजार दिले, त्यानंतर फक्त ‘पुढच्या महिन्यात बघू’. आता ते विचारतात : सातबाऱ्यावर बिलाचा बोजा चढवता येईल का? बिल्डरच्या न विकलेल्या फ्लॅटला कुलूप लावू का? वकिलाची नोटीस गेली की दावा लावायची मुदत वाढते ना?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. दुरुस्तीला आलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवता येते. भिंतीला लागलेलं प्लास्टर अडवता येत नाही. कुलूप लावलंत तर फिर्याद तुमच्यावरच होईल. कोर्टाचा आदेश असल्याशिवाय बिलापोटी सातबाऱ्यावर बोजा चढत नाही. आणि नोटीस, स्मरणपत्रं, फोन, चकरा यांपैकी कशानेही मुदत एक दिवसानेही पुढे जात नाही. हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे, तरी लोक तीन वर्षं गोड बोलण्यावर काढतात आणि मग येतात.

पैसे कधी द्यायचे हे वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं नाही, असं तुम्ही म्हणता. मग १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमधला, म्हणजे दाव्यांच्या मुदतीच्या कायद्यातला, अनुच्छेद १८ लागतो : काम झालं त्या दिवसापासून तीन वर्षं. म्हणजे १० जून २०२५ ला तुमची मूळ मुदत संपली. आता सगळं त्या पन्नास हजारांवर आहे. दीड पान तुम्ही बिल्डरच्या वागण्यावर लिहिलंत, पण ती रक्कम चेकने आली, बँकेतून आली की रोख, याबद्दल एक शब्द नाही!

याच कायद्याचं कलम १९ सांगतं की मुदत चालू असताना देण्यापोटी काही रक्कम दिली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मोजायची. अट अशी, की रक्कम दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असली पाहिजे. चेक असेल तर त्यावर सही आहे, आणि नोव्हेंबर २०२६ पर्यंत तुम्हाला वाव आहे. नेमका दिवस बँकेच्या उताऱ्यावरून काढा, पण शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. ऑनलाइन ट्रान्सफर असेल तर सहीचा मुद्दा समोरचा वकील काढणारच. अशा वेळी ‘बिलापोटी ५० पाठवले, बाकी नंतर’ असा बिल्डरचा मेसेज किंवा ईमेल फार मोलाचा. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. रोख असेल आणि त्याच्या सहीचं व्हाउचर नसेल, तर या कलमाचा उपयोग नाही.

तसं असेल तर दोन गोष्टी बघा. बिल्डरची कंपनी असेल तर तिचे ताळेबंद कंपनी निबंधकांकडे थोड्या फीमध्ये बघायला मिळतात. मुदत संपण्याआधी सही झालेल्या ताळेबंदात तुमचं देणं ओळखू येईल असं दाखवलं असेल, तर ती लेखी कबुली ठरू शकते. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हे तत्त्व मान्य केलं आहे. मात्र सोबतच्या टिपांत देणं नाकारलं असेल तर बळ जातं. दुसरं, करार कायद्याचं कलम २५(३) : मुदत गेलेलं देणं ‘मी देईन’ असं लेखी लिहून सही केली, तर तो नवा करार होतो. नुसतं ‘बाकी आहे’ पुरत नाही, ‘देईन’ हवं.

रिटेन्शन, म्हणजे कामाच्या हमीपोटी बिलातून रोखून ठेवलेली रक्कम, मात्र वेगळं धरा. काम संपल्यावर वर्षाने ते परत द्यायचं ठरलं असेल, तर तेवढ्या रकमेची मुदत १० जून २०२६ पर्यंत आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आता करून जुन्या बिलाला फायदा होईल असं धरू नका. शिवाय वर्क्स काँट्रॅक्टला, म्हणजे बांधकामासारख्या कामाच्या ठेक्याला, लघुउद्योगांचा कायदा (एमएसएमईडी) लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय आहेत.

रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने दावा बहुधा व्यापारी न्यायालयात जाईल. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. मध्यस्थीत गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. निकालाला किती वर्षं लागतील हे मी सांगू शकत नाही, आणि त्याचा मला संतापही येतो.

उद्या बँकेत जा, नोव्हेंबर २०२३ चा उतारा काढा आणि त्या एका ओळीचा फोटो मला पाठवा.