गळाला लागलेले प्रश्न: लॅनियरवर रात्रीचा बास

प्रश्न: आम्ही अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात कमिंगला राहतो. माझे वडील रेवदंड्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. कुंडलिकेच्या खाडीत त्यांनी आयुष्यभर जिताडा गरवला. इथे लेक लॅनियरवर त्यांना जुलैत सकाळी नेलं, पण हाती काहीच लागलं नाही. उन्हं वर आली की जेटस्कीवाले पाणी घुसळत बसतात. शेजारी म्हणतो, इथला बास मासा उन्हाळ्यात रात्रीच धरावा. मित्राची छोटी बोट मिळते आहे. एवढ्या मोठ्या धरणात अंधारात सुरुवात कुठून करायची? आणि बाबांनी सोबत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, आणला आहे, तो चालेल का?

उत्तर: पाग गराजमध्ये ठेवून द्या. जॉर्जियात बास फक्त काठी-दोरीने धरायचा, जाळ्याने धरणं बेकायदा आहे. दुसरं, बाबांचा परवाना काढा. सोळा वर्षांपासून पुढे तो सगळ्यांना लागतो. ज्येष्ठांची सवलत त्या राज्याच्या रहिवाशांना असते, रेवदंड्याच्या पाहुण्याला नाही. त्यांना अनिवासी परवाना लागेल, तो थोड्या दिवसांचाही मिळतो.

शेजारी खरं बोलतो. लॅनियरमध्ये ठिपकेवाला बास जास्त, आणि तो ब्लूबॅक हेरिंग नावाच्या चंदेरी माशामागे फिरतो. हेरिंगला गार पाणी लागतं, म्हणून जुलैच्या उन्हात ती उघड्या, खोल पाण्यात उतरते आणि बास तिच्याबरोबर जातो. अंधार पडला, बोटींची वर्दळ थांबली की यातले बरेच बास दगडगोट्यांच्या उथळ भागावर चरायला येतात. तिथे रात्री क्रेफिश बाहेर पडलेले असतात, म्हणजे आपल्या शेवंडाचं गोड्या पाण्यातलं धाकटं भावंड.

आता सुरुवात कुठून? चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरण बांधून १९५६ पासून अडवलेलं हे पाणी सुमारे ३८,००० एकर पसरलं आहे, आणि किनारा ६९० मैलांच्या आसपास. नवखी माणसं इथेच फसतात. या टोकाला दोन फेक, त्या टोकाला चार फेक, आणि निम्मी रात्र इंजिन चालवण्यात. तुम्ही धरण विसरा आणि पाण्यात शिरलेली एकच दगडाळ सोंड निवडा, जिच्या एका अंगाला जुन्या ओढ्याचं खोल पात्र असेल. शंकरपाळ्याच्या आकाराचं नारिंगी चिन्ह असलेले पांढरे धोक्याचे खांब शोधा. बोटवाले त्यांना घाबरून लांब जातात, कारण तिथे पाण्याखाली उथळ टेकाड असतं. गळवाल्याला तेच हवं. पण तिथे दिवसाउजेडी जा. टेकाड कुठे संपतं, बुडालेली झाडं कुठे उभी आहेत, हे सगळं फिशफाइंडरवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहून खूण करून ठेवा. संध्याकाळी त्याच जागी परत या आणि मध्यरात्रीपर्यंत हलू नका.

आमिष काळं घ्या. अंधारात काळं कशाला, असं सगळे विचारतात. मासा खालून वर बघतो, आणि रात्रीच्या आभाळापुढे काळी आकृतीच सगळ्यात ठळक उठते. मी एकाच मोठ्या, गोल पात्याचा काळा स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पात्याचं खोटं आमिष, वापरतो. ते पातं फिरताना पाण्यात धपधप करतं. बासच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेघ असते, तिच्यातून त्याला ती थरथर कळते. रीळ इतकं सावकाश फिरवा की तुमचा तुम्हालाच कंटाळा यावा. दुसरा पर्याय अर्ध्या औंसाचा काळा-निळा जिग (जड डोक्याचा गळ), तळाला टेकवत, दगडावरून ओढत आणायचा. तंगूस (गळाची दोरी) जाड हवा, कारण झाडं आणि दगड तो कापतात.

बोटीच्या कडेला जांभळा ब्लॅकलाइट लावायची इथे पद्धत आहे, त्यात चमकणारा तंगूस निळा उजळतो आणि मासा लागल्याचं दिसतं. तुम्हाला तो लागेल. खाडीत काळोखात जिताडा गरवलेल्या माणसाला मात्र बोटाखाली तंगूस धरला की पुरे, बाबांवर हे खेळणं लादू नका. डोक्याला लाल दिवा बांधा आणि पांढरी बॅटरी पाण्यावर मारत बसू नका.

खासगी धक्क्यांखाली हिरवे दिवे जळताना दिसतील. उजेडाला आधी बारीक जीव जमतात, मग हेरिंग, मग बास. पण मोठा बास उजेडात येत नाही, उजेडाच्या कडेला अंधारात थांबतो, म्हणून आमिष त्या कडेवरून न्या. धक्क्याच्या मालकाच्या बोटीवर गळ आपटू नका, एवढं शेजारधर्म म्हणून. चंद्राचं फार मनावर घेऊ नका, सुट्टी कधी मिळते ते बघा.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. बोट चालू असताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा आणि वर पांढरा दिवा हवाच. नांगर टाकल्यावरही पांढरा दिवा चालू ठेवायचा. किडे येतात म्हणून तो विझवणारे महाभाग मी पाहिले आहेत. लाइफ जॅकेट बोटीत नव्हे, अंगावर. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधा. बाबा म्हणतील, मी पोहायला खाडीत शिकलो. म्हणू देत, आणि बक्कल लावा.

प्रश्न: अमेरिकेत बास धरून सोडून देतात म्हणे. खात नाहीत का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर: खातात की! मोठ्या तोंडाच्या बासचा जागतिक विक्रम जॉर्जियातलाच. २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी यांनी माँटगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, आणि तो त्यांच्या घरी शिजला! २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्या विक्रमाशी बरोबरी केली. आज खेळ म्हणून गरवणारे बहुतेक लोक मासा सोडतात, मोठी मादी तर हमखास. ठेवायचा तर नियमपुस्तिकेतली लांबीची मर्यादा बघा आणि त्यात बसणाऱ्यांतला लहानच ठेवा. मोठ्या, वयस्क माशात पारा साठतो. कुठल्या पाण्यातला मासा किती वेळा खावा, याच्या सूचना जॉर्जिया राज्य प्रसिद्ध करतं. कातडी काढा, नाहीतर शेवाळी वास राहतो. हळद, मीठ, कोकमाचं आगळ आणि मालवणी मसाला लावून रव्यात तळा. कालवणात घालू नका, तिथे तो फिका पडतो.