जुन्या पेट्रोल पिकअपला इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवलाय, गाडी तापली की मिसिंग करते. वायर कुठे जोडायची?

डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन वायरींचं मॉड्यूल (पॉइंटऐवजी बसणारा इलेक्ट्रॉनिक भाग) असेल आणि लाल वायर इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) प्लसला जोडली असेल, तर घोटाळा तिथंच आहे. पॉइंटवाल्या (जुन्या यांत्रिक इग्निशनच्या) बऱ्याच गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलचा करंट कमी करणारा रोधक, असतो, त्यामुळे गाडी चालू असताना तिथं पूर्ण 12 व्होल्ट पोचतच नाहीत. लाल वायर बॅलास्टच्या स्विचकडच्या टोकावरून घ्या, काळी कॉइलच्या मायनसला. बॅलास्ट मात्र काढू नका, कॉइल 1.5 ओहमची असेल तर जळेल. पॉइंटसोबतचा जुना कंडेन्सर काढून टाका.

आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थिंगची विणलेली तार जरूर बघा. माझी गाडी साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटात दोनदा बंद पडली, झाकण उघडलं तर ती तार दोन धाग्यांवर लटकत होती. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका, मॉड्यूल जातं.