‘मला एवढंही कळू नये?’

नेटवरून मागवलेल्या वस्तूत फसलेली माणसं सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसतात, तेव्हा पैशाचा विषय उशिरा निघतो. आधी येतो तो हा प्रश्न: ‘मॅडम, मला एवढंही कळू नये?’ मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण असं वाटणारा माणूस घरात तोंड उघडत नाही.

मिरजेचे एक निवृत्त शिक्षक. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सून त्यांना घेऊन आली. “अण्णा धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. आई गेल्या तेव्हाही असे नव्हते.” ती बाहेर जाऊन बसली तरी सर बराच वेळ काही बोलेनात. मग पिशवीतून त्यांनी एक काळी डबी काढून टेबलावर ठेवली.

मोबाईलवर जाहिरात आली होती: १६ टीबी एसएसडी (म्हणजे फायली साठवायची प्रचंड मोठी डिस्क), फक्त २,४९९ रुपये, ऑफर आज संपणार. कॅश ऑन डिलिव्हरी होती, म्हणून सरांना भरवसा वाटला. पण पैसे दिल्याशिवाय पार्सल हातात येत नाही, मग उघडून बघणार कसं? घरी लॅपटॉपला जोडल्यावर १६ टीबी दिसले. सरांच्या गेलेल्या पत्नी भजनी मंडळात गायच्या. त्यांची सगळी रेकॉर्डिंग सरांनी त्यात टाकली, मागोमाग घरातले फोटो, लग्नाचे व्हिडिओ. लॅपटॉप भरला होता, म्हणून तिथली मूळ प्रत पुसून टाकली. काही आठवड्यांनी भजन ऐकायला बसले, तर फायलींची नावं जागेवर होती, आवाज मात्र नव्हता.

डबीचं झाकण सरांनी स्वतःच पेचकसने उचकटलं होतं. आत नखाएवढं मेमरी कार्ड, आणि हाताला वजन लागावं म्हणून गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. असल्या बनावट डिस्कमध्ये खरी जागा अगदी कमी असते. आतला प्रोग्राम बदलून खोटा आकडा दाखवलेला असतो. खरी जागा भरली की पुढचं लिखाण आधीच्यावर बसतं, किंवा लिहिलंच जात नाही.

“तिचा आवाज मी माझ्या हाताने पुसला,” सर म्हणाले. त्यावर मी लगेच काही बोलले नाही. ते दुःख खरं होतं, त्याला वेळ द्यायलाच हवा होता. पण त्यात मिसळलेली लाज वेगळी काढणं गरजेचं होतं. मी म्हटलं, “सर, त्या किमतीत एवढी मोठी एसएसडी मिळत नाही, हे आता तुम्हाला कळलं. पण तुमचा लॅपटॉपसुद्धा फसला. लोखंड चिकटवणाऱ्याने तुम्ही डबी हातात तोलून बघणार, हे आधीच धरलं होतं.”

तेव्हा कुठे त्यांनी पुढचं सांगितलं, जे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. परताव्यासाठी त्यांनी नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला होता. तिकडच्या माणसाने स्क्रीन शेअर करण्याचं ॲप टाकायला लावलं होतं, आणि ‘रिफंड जमा करायला यूपीआय पिन टाका’ हे सांगण्यासाठी त्याच संध्याकाळी त्याचा फोन येणार होता. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो पैसे द्यायलाच लागतो. सुनेला आत बोलावलं. सरांनी तिला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि तिने तिथेच ते ॲप काढून टाकलं.

लॅपटॉप जुना, फिरत्या डिस्कचा होता, त्यात पुसलेली फाईल तिच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा टिकून असते. तो तसाच बंद ठेवून डेटा परत मिळवणाऱ्याकडे दिला. सगळं नाही, पण बरंच निघालं. काही भजनं मंडळातल्या बायकांच्या मोबाईलमध्ये सापडली. सर हे आणखी महिनाभर लपवून लॅपटॉप वापरत राहिले असते, तर पुसलेल्या फायलींवर नवं काहीतरी बसलं असतं.

विक्रेत्याशी भांडायचं तर कागद हवेत. पार्सलवरचं लेबल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, ऑर्डरचा एसएमएस, उघडलेल्या डबीचे फोटो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने नाव-पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी जाहीर करायचा असतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. मागवण्याआधीच हे नाव-पत्ते शोधावेत. सापडले नाहीत, तर मागवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. खात्यातून पैसे गेले असतील तर एक क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सरांना सांगलीतच. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही.

सरांनी १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. विक्रेत्याची साइट बंद पडली आहे, त्यामुळे २,४९९ रुपये परत येतील असं मी त्यांना सांगितलेलं नाही. ते आता जेवतात, आणि मोबाईलवर काही मागवायचं झालं तर सुनेला दाखवून मागवतात. तिलाही मी एवढंच सांगितलं होतं, की अण्णांना ‘कशाला मागवलंत?’ असं विचारू नका, ‘खोकं ठेवलंय ना?’ असं विचारा.