कमी पाण्याच्या बागेत कण्हेर लावावी का?

पाण्याची टंचाई असलेल्या, दिवसभर ऊन लागणाऱ्या बागेत बारमाही फुलणारे झुडूप हवे असेल, तर कण्हेर अवश्य लावावी. महामार्गांच्या दुभाजकांवर ती धूर आणि उन्हाची झळ सोसून फुलते, यातच तिच्या काटकपणाची साक्ष मिळते. तिच्या चिवट पानांच्या खालच्या बाजूची पर्णरंध्रे (बारीक छिद्रे) केसाळ खळग्यांत दडलेली असल्यामुळे बाष्पीभवन कमी होते आणि एकदा मुळे खोल गेली की झाड बराच काळ पाण्याविना तग धरते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, अर्धवट जून झालेली फांदी छाटून लावल्यास ती सहज रुजते. पहिले वर्षभर मात्र नियमित पाणी द्यावे, कारण काटकपणा हा रुजलेल्या झाडाचा गुण आहे, कोवळ्या रोपाचा नव्हे. पाणी साचणारी जागा टाळावी. फुले नव्या फुटीच्या शेंड्यांवर येत असल्याने बहर ओसरल्यावर छाटणी करावी. सावलीत वाढवल्यास नुसती पानेच मिळतील. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा (बारीक किडे) दिसला, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढता येतो.

या झाडाचा प्रत्येक भाग विषारी असून त्यातील द्रव्ये हृदयावर परिणाम करतात. त्यामुळे घरात रांगते मूल किंवा मोकळी फिरणारी जनावरे असतील, तर माझ्या मते कण्हेरीऐवजी बोगनवेल लावणे शहाणपणाचे ठरेल. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नयेत आणि जाळूही नयेत, कारण त्यांचा धूरदेखील अपायकारक असतो. रोपवाटिकेत पिवळी कण्हेर म्हणून मिळणारी बिट्टी ही निराळी वनस्पती आहे, पण तीही तितकीच विषारी असते.